लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

२०२१ सालचे ते दिवस कोणी विसरले असेल असे वाटत नाही. लसीकरण केंद्राबाहेर लांबलचक रांग, हातात आधार कार्ड, तोंडाला मास्क. एकदाचा नंबर लागला, दंडात सुई गेली, आणि 'झाले एवढ्यात!' म्हणून आपण उठू लागलो, तोच नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, लगेच निघायचे नाही हं. अर्धा तास बाहेर खुर्चीवर बसा." मग घरोघरचे आजोबा-आजी, काका-काकू त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मुकाट्याने बसून राहिले. कोणी घड्याळ पाहत होते, कोणी घरी फोन करीत होते. बहुतेकांना काहीच झाले नाही. अर्धा तास सरला आणि मंडळी घरोघर पांगली. आपल्याला तिथे कशासाठी बसवले होते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनात आला असेल.

त्या अर्ध्या तासाचीच गोष्ट आज सांगायची आहे. पण ती माणसाची नव्हे. ती आहे एका हातभर लांबीच्या, लुकलुकत्या डोळ्यांच्या प्राण्याची. त्याचे नाव फेरेट.

हा फेरेट कोण?

आपल्याकडे हा प्राणी फारसा कोणी पाळत नाही. पण ज्यांची मुले, सुना, नातवंडे अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहेत, त्यांच्या घरी तो फोटोतून येऊन गेला असण्याचा संभव आहे. 'हे मुंगूस कशाला ग पाळलेस?' असे एखाद्या आजीने नातीला विचारलेही असेल. दिसायला तो पुष्कळसा मुंगसासारखा खराच. पण दोघांचे कूळ वेगळे. आपल्या नद्यांतून दिसणारे पाणमांजर हे त्याचे खरे भाऊबंद.

युरोपात पोलकॅट नावाचा एक रानटी प्राणी आहे. त्याला माणसाने दोन हजार वर्षांहूनही आधी माणसाळवले, आणि त्याच्याच वंशात आजचा फेरेट जन्मला. त्याचे मूळचे काम शिकाऱ्याचे. सशाच्या बिळात त्याला सोडायचे. तो आत शिरला की ससे घाबरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात आणि जाळ्यात सापडतात. आज मात्र बहुतेक फेरेट शिकारबिकार विसरून दिवाणखान्यात नांदत आहेत. मादी पाऊण-एक किलोची, नर दीड-दोन किलोपर्यंत. दिवसाचे चौदा ते अठरा तास गाढ झोपायचे आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर घ्यायचे, हा त्याचा दिनक्रम. फेरेट हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थच मुळी 'छोटा चोर'. किल्ल्या, मोजे, खोडरबर, जे सापडेल ते पळवून कोचाखालच्या आपल्या खजिन्यात नेऊन ठेवण्यात त्याचा हातखंडा आहे. खुशीत आला की पाठीची कमान करून असा काही आडवातिडवा उड्या मारतो, की पाहणाराची हसून मुरकुंडी वळावी.

अशा या घरच्या लाडक्याला वर्षातून एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. कारण लस टोचायची असते. आणि गोष्ट इथूनच सुरू होते.

लस टाळून चालेल का?

चालणार नाही. का, ते आधी पाहू.

कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर नावाचा एक रोग आहे. त्याचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. कुत्र्यांपैकी काही त्यातून वाचतात. फेरेटाच्या नशिबी मात्र ती सवलत नाही. लस न टोचलेल्या फेरेटाला डिस्टेंपर झाला, की तो जवळजवळ हमखास दगावतो. लागण झाल्यापासून आठ-दहा दिवसांत डोळ्यांतून आणि नाकातून चिकट पाणी वाहू लागते, हनुवटीवर आणि जांघेत पुरळ उठते, पंजाचे तळवे जाड आणि कडक होतात, आणि पुढे मेंदूवर घाला पडून झटके येतात. यावर रामबाण औषध आजही नाही. आहे ती फक्त लस.

'आमचा फेरेट घराबाहेर पाऊलच टाकत नाही, त्याला कोठून रोग लागणार?' असे पुष्कळजण म्हणतात. पण घरातली माणसे बाहेर जातातच की! आजारी कुत्र्याजवळून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरून, बुटांवरून विषाणू घरात येऊ शकतो.

दुसरी लस रेबीजची. अमेरिकेत फेरेटांसाठी ती १९९० मध्ये मंजूर झाली. तिथल्या अनेक ठिकाणी ही लस कायद्याने सक्तीची आहे. लस न टोचलेला फेरेट एखाद्याला चावला, तर प्रकरण त्याच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपरची पहिली लस, पुढे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणखी दोन. तीन महिने पुरे झाल्यावर रेबीजची. आणि मग वर्षाच्या वर्षाला पुन्हा, असा सर्वसाधारण क्रम आहे. प्रत्येक वेळी मानेमागची सैल कातडी उचलून तिच्याखाली लहानशी सुई द्यायची, एवढेच. फेरेट अनेकदा चाटायला दिलेल्या खाऊत इतका गुंग असतो, की सुई कधी गेली ते त्याला कळतही नाही.

एक जुने ऋण

गंमत अशी, की डिस्टेंपरवर लस सापडली तीच मुळी फेरेटामुळे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातील शिकारी कुत्री डिस्टेंपरने पटापट मरत होती. 'द फील्ड' नावाच्या शिकारीच्या शौकिनांच्या साप्ताहिकाने पुढाकार घेऊन संशोधनासाठी निधी उभारला. लंडनजवळच्या मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि जी. डब्ल्यू. डंकिन या दोन शास्त्रज्ञांनी काम हाती घेतले. अडचण अशी होती, की प्रयोगासाठी आणलेल्या कुत्र्यांपैकी कोणाला हा रोग आधीच होऊन गेला आहे आणि कोणाला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. अखेर त्यांना फेरेट सापडला. हा प्राणी डिस्टेंपरला इतका हमखास बळी पडे, की विषाणू आहे की नाही याची तो जणू जिवंत कसोटीच झाला. १९२६ मध्ये त्यांनी फेरेटातील डिस्टेंपरवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि त्या दशकाच्या अखेरीला कुत्र्यांसाठी लस तयार झाली.

त्याच मिल हिलमध्ये १९३३ साली विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा केला, तोही फेरेटाच्याच मदतीने. माणसाच्या घशातील पाणी त्यांनी फेरेटाच्या नाकात घातले आणि फेरेटाला माणसासारखीच सर्दी झाली, शिंका आल्या, ताप चढला. पुढे एका आजारी फेरेटाने संशोधकाच्या तोंडावरच शिंक दिली आणि त्याला फ्लू झाला, ही हकीकत १९३६ मध्ये रीतसर छापून आली आहे. आजही दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे ठरवताना फेरेटाच्या रक्तातील प्रतिपिंडांचा उपयोग केला जातो. आपल्या घरात कोणी फ्लूची लस घेतली असेल, तर तीत या छोट्या चोराचा वाटा आहे!

रक्षणासाठी दिले, तेच उलटले

आता लशीची दुसरी बाजू. इथे पुन्हा थोडे मागे जायला हवे, एका समुद्रसफरीवर.

१९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. समुद्रात तरंगणाऱ्या, स्पर्श होताच भाजल्यासारख्या वेदना देणाऱ्या जीवांच्या विषाचा अभ्यास त्यांनी चालवला होता. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. विषाची थोडी थोडी सवय करून दिली, तर पुढे कुत्रे ते सहन करील, अशी त्यांची साधी कल्पना. नेपच्यून नावाचा एक धट्टाकट्टा कुत्रा होता. त्याला अल्प मात्रा दिली. त्याला काही झाले नाही. बावीस दिवसांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली. कुत्रा ठणठणीत होता. पण काही सेकंदांतच त्याला धाप लागली, तो आडवा झाला, वांत्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, आणि पंचवीस मिनिटांत त्याने प्राण सोडले.

ज्याने रक्षण व्हावे, त्यानेच घात केला होता. या उलट्या प्रकाराला रिशे यांनी ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले, म्हणजे रक्षणाच्या उलट. या शोधाबद्दल त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ॲलर्जी हा शब्द रूढ केला. आपल्याकडे त्याला जुना, सुटसुटीत शब्द आहेच : वावडे. कोणाला वांग्याचे वावडे, कोणाला कोळंबीचे. खाल्ले की अंगावर पित्त उठते. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे याच वावड्याचा रुद्रावतार.

घडते ते असे. एखादा परका पदार्थ शरीरात प्रथम शिरतो, तेव्हा शरीर त्याची ओळख पटवून ठेवते आणि त्याच्याविरुद्ध एका विशिष्ट जातीची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे कातडीत, आतड्यात, फुप्फुसांत पसरलेल्या काही पेशींना जाऊन चिकटतात आणि वाट पाहत बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की या पेशी एकदम फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन आणि तत्सम द्रव्ये बाहेर फेकतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळतात. सारा खेळ काही मिनिटांचा. नेपच्यूनचे पंचवीस मिनिटांत जे झाले ते हेच, आणि आपल्याला त्या खुर्च्यांवर बसवले होते तेही याच्याच धास्तीने.

लशीत विषाणूखेरीज आणखीही काही असते. तो ज्या पेशींवर वाढवला त्यांचे अंश, प्राण्याच्या रक्तातील किंवा दुसरी प्रथिने, टिकाऊपणासाठी जिलेटीनसारखे पदार्थ, कधी प्रतिजैविकाचा लवलेश, कधी लशीचा जोर वाढवणारे एखादे द्रव्य. सगळ्याच लशींत हे सगळे असते असे नाही. पण वावडे यांतल्या कशाचेही असू शकते.

शंभरात एक

फेरेटांत हा प्रकार किती वेळा घडतो? २००२ आणि २००३ या दोन वर्षांत अमेरिकेतील अनेक दवाखान्यांत लस टोचलेल्या साडेतीन हजारांवर फेरेटांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. नुसती रेबीजची लस दिली तेव्हा त्रास झाला तो शेकडा अर्ध्या टक्क्याला. नुसती डिस्टेंपरची दिली तेव्हा शेकडा एकाला. दोन्ही बरोबर दिल्या तेव्हा शेकडा ०.८५ एवढ्यांना. म्हणजे ढोबळ हिशेबाने शंभरात एक किंवा त्याहून कमी. त्रास झालेल्यांपैकी निम्म्यांना वांत्या आणि जुलाब दोन्ही झाले, जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला नुसत्या वांत्या. कुत्र्याचे तोंड सुजते, माणसाच्या अंगावर गांधी उठतात. फेरेटाचा पहिला तडाखा बसतो तो पोटाला.

या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. फेरेट नर की मादी, लहान की म्हातारा, हलका की जड, याने फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो आजवर किती वेळा लस टोचली याने. जितक्या लशी अधिक, तितका धोका अधिक. नेपच्यूनची गोष्ट वाचल्यावर याचे नवल वाटायला नको. 'गेल्या वर्षी तर काही झाले नव्हते' हा दिलासा म्हणूनच पोकळ आहे. गेल्या वर्षी काही झाले नाही, एवढ्यावरून यंदा होणार नाही असे ठरत नाही.

तेव्हा तराजूच्या एका पारड्यात जवळजवळ हमखास मृत्यू देणारा रोग, आणि दुसऱ्यात शंभरात एकाला होणारा, बहुधा उपचारांनी आटोक्यात येणारा त्रास. शहाण्याने लस टोचावीच. पण डोळे मिटून नव्हे.

आधीची खबरदारी

वावडे पूर्णपणे टाळण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण त्याचा संभव कमी करता येतो, आणि आलेच तर त्याला तोंड देण्याची तयारी ठेवता येते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, लस फेरेटासाठीच मंजूर झालेली असावी. कुत्र्यांसाठी पाच-सात रोगांची मिळून एक लस येते, ती फेरेटाला देऊ नये. त्याला त्यांतल्या बहुतेक रोगांच्या लशीची गरजच नाही. फुकट परके पदार्थ अंगात शिरतात आणि वावड्याला वाटा वाढतात. शिवाय दुर्बळ केलेला जिवंत विषाणू एका प्राण्याला मानवतो म्हणून त्याच्या चुलतभावाला मानवेलच असे नाही. याचा फार महागडा धडा अमेरिकेने घेतला आहे. तिथल्या गवताळ रानात काळ्या पायांचा फेरेट ही दुर्मीळ रानटी जात राहते. १९७० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण डकोटातून असे सहा फेरेट पकडून आणले आणि डिस्टेंपरपासून वाचावेत म्हणून त्यांना लस टोचली. पाळीव फेरेटांना ती लस बाधली नव्हती. या सहांपैकी चार मात्र त्या लशीतल्याच डिस्टेंपरने मेले. हे वावडे नव्हते, प्रत्यक्ष रोगच होता. पुढे ही जात नष्ट झाली असेच सर्व धरून चालले होते, तोच १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या एका शेतावरील कुत्र्याने एक मारलेला फेरेट दारात आणून टाकला, आणि तिचा पुन्हा पत्ता लागला. पुढे त्या वसाहतीवरही रोगाची धाड आली. उरलेले अवघे अठरा पकडून त्यांच्यापासून ही जात नव्याने वाढवण्यात आली. या शतकात फेरेटांसाठी जी नवी डिस्टेंपरची लस वापरात आली, तीत डिस्टेंपरचा सबंध विषाणू नसतो. कॅनरी पक्ष्यांना होणाऱ्या देवीच्या विषाणूवर त्याचे दोन अंश बसवलेले असतात. तिच्यामुळे डिस्टेंपर होण्याची भीती उरली नाही. वावड्याची मात्र थोडी उरली आहे.

दुसरी गोष्ट, दोन लशी एकाच दिवशी टोचू नयेत. दोन ते चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. वरच्या पाहणीत दोन्ही एकत्र दिल्याने प्रमाण वाढलेले दिसले नाही, हे खरे. पण एकत्र दिल्या आणि त्रास झाला, तर तो कोणत्या लशीने झाला हे कळायचे कसे? पुढच्या वर्षी निर्णय घेताना तीच माहिती लाखमोलाची असते.

तिसरी, फेरेट आजारी, अशक्त किंवा गाभण असेल तर लस पुढे ढकलावी. टोचण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला नीट तपासावे.

चौथी, एक वही ठेवावी. तारीख, लशीचे नाव, बाटलीवरचा क्रमांक, टोचल्याची वेळ, नंतर काय झाले. 'गेल्या खेपेला जरा ओकला होता वाटते' यापेक्षा 'सव्वादहाला लस, दहा पंचविसाला दोन वांत्या' हे डॉक्टरांच्या कितीतरी अधिक उपयोगाचे.

पाचवी, ज्याला पूर्वी त्रास झाला आहे त्याच्याबद्दल डॉक्टरांशी आधी, फोनवर का होईना, बोलून घ्यावे. अशा फेरेटाला लशीआधी वीस-तीस मिनिटे हिस्टामीनविरोधी औषध देण्याची पद्धत आहे. त्याचा काहीसा उपयोग होतो. पण ते म्हणजे कवचकुंडले नव्हेत. औषध दिले म्हणून लगेच घरी निघावे, असे मुळीच करू नये. आणि हे औषध आपल्या मनाने तर कधीच देऊ नये. घरातल्या सर्दीच्या बाटलीत हिस्टामीनविरोधी औषधाबरोबर पुष्कळदा पॅरासिटामॉल वगैरेही असते, आणि ते एक किलोच्या जिवाला घातक ठरू शकते. मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच, वजन करून. ज्याला एकदा जोराचा झटका येऊन गेला आहे, त्याच्या रक्तातील डिस्टेंपरची प्रतिपिंडे मोजून, ती पुरेशी असतील तर त्या वर्षी लस न देण्याचाही निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. रेबीजच्या बाबतीत कायदा आडवा येतो. तिथे डॉक्टरांचा आणि स्थानिक नियमांचा सल्ला घेतल्यावाचून काही ठरवू नये.

सहावी, वेळ साधावी. दवाखाना बंद व्हायला दहा मिनिटे असताना लस टोचून घेणे म्हणजे विकतचे दुखणे. सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर डॉक्टर हाताशी असतात. ॲड्रिनलिन, हिस्टामीनविरोधी इंजेक्शन, स्टेरॉइड, सलाइन आणि प्राणवायू यांची सोय आहे ना, हे बिनदिक्कत विचारावे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि मग तो अर्धा तास

सुई टोचली, पैसे दिले, आता निघायची घाई नको. दवाखान्यातच बसावे. वावड्याचा मोठा झटका येणार असेल, तर तो बहुतेक वेळा या पहिल्या अर्ध्या तासातच येतो.

पण नुसते बसून उपयोग नाही, पाहत बसावे. फेरेटाची झोप इतकी गाढ असते, की त्याला उचलले, हलवले तरी तो चिंधीसारखा लोंबत राहतो. प्रथमच फेरेट पाळणाऱ्यांची त्यामुळे कितीदा तरी घाबरगुंडी उडते. लशीनंतर धोका असतो तो याच्या नेमका उलट. बेशुद्ध होत चाललेला जीव पिंजऱ्यातल्या पांघरुणात झोपलाच आहे, असे समजून माणूस हातातल्या फोनमध्ये डोके घालून बसतो. म्हणून तो अर्धा तास त्याला पिंजऱ्यात मुटकुळे करून झोपू देऊ नये. मांडीवर घ्यावे, जागे ठेवावे, आणि मधूनमधून ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात.

काय पाहायचे? नाकाचा शेंडा, तळवे किंवा अंगाची कातडी एकाएकी लालबुंद होणे. अंग खाजवत सुटणे. तोंडाला लाळ सुटणे, पंजाने तोंड ओरबाडणे. मळमळत असल्याची ही फेरेटाची खूण. शेपटीचे केस बाटली घासायच्या ब्रशासारखे पिंजारणे. नुसत्या भीतीनेही ते होते, पण लक्ष ठेवावे. ओकारी, पातळ जुलाब, त्यात रक्त. गुलाबी हिरड्या पांढुरक्या पडणे. धाप लागणे. अंग ढिले पडून हाकेला ओ न देणे. यांतले काहीही दिसले, तर 'थोडे थांबून पाहू' असे म्हणू नये. रांग असो की डॉक्टर दुसऱ्या रुग्णात गुंतलेले असोत, उठावे आणि सरळ सांगावे. या प्राण्याचा रक्तदाब घसरला की त्याच्या मुळातच धाग्यासारख्या असलेल्या शिरा सापडेनाशा होतात, आणि औषध आत घालणेच अवघड होऊन बसते. पाचव्या मिनिटाला जे सोपे, ते पंधराव्या मिनिटाला कठीण. वेळेवर उपचार झालेले बहुतेक फेरेट तासाभरात मान वर करतात.

घरी गेल्यावरही तो दिवस नजर असावी. थोडी सुस्ती, टोचल्या जागी जराशी सूज, एखादे जेवण कमी, एवढे चालायचेच. ते वावडे नव्हे. पण पुन्हा ओकारी किंवा जुलाब सुरू झाले, तर उलट पावली दवाखाना गाठावा. म्हणूनच लशीच्या दिवशी संध्याकाळी बाहेरगावी जाण्याचा बेत करू नये.

आपल्या मोतीचे काय?

हे सारे वाचून कोणी म्हणेल, 'आमच्याकडे कुठला आलाय फेरेट!' फेरेट नसेल, पण मोती असेल, मनी असेल. आजकाल दादर-पुण्याच्या तीन खोल्यांच्या जागेतही एखादे कुत्रे किंवा मांजर घरच्यासारखे वावरत असते. त्यांनाही लशी टोचाव्या लागतात आणि त्यांनाही क्वचित वावडे होते. कुत्र्याचे तोंड, डोळ्यांच्या पापण्या सुजतात, अंगावर गांधी येतात. मांजराला ओकाऱ्या होतात, धाप लागते. आपण मात्र सुई टोचली रे टोचली की रिक्षाला हात करतो. डॉक्टरांनी घरी येऊन टोचले तर आणखीच सोय. ते जिना उतरून गेले की दार लावून घेतो. वर जे फेरेटासाठी सांगितले, त्यातली वही, सकाळची वेळ आणि तो अर्धा तास मोती-मनीलाही तसाच लागू आहे. डॉक्टर घरी आले, तर त्यांना चहा करावा. तेवढाच अर्धा तास जातो!

अर्धा तास म्हणजे किती? कुकर होऊन वाफ जिरेपर्यंतचा वेळ. तेवढा वेळ आपण २०२१ मध्ये स्वतःसाठी निमूटपणे बसलो. फेरेटाला बोलता येत नाही. 'मला कसेसेच होतेय' असे तो सांगू शकत नाही. त्याच्या हिरड्या, त्याचे नाक, त्याची शेपटी सांगते, आणि तेही पाहणारे कोणी असेल तर. शंभरांतल्या नव्याण्णव वेळा तो अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटेल. शंभराव्या वेळी मात्र तेवढ्यावर एक जीव बसलेला असतो. आपल्याला फ्लूची लस मिळावी म्हणून या प्राण्याच्या कितीतरी पिढ्या शिंकत आल्या आहेत. त्याच्या लशीसाठी आपण अर्धा तास बसलो, तर त्या ऋणातली थोडीशी फेड होईल.